गोधडीच्या पाठीवरचं नाव

मंडळी, मागच्या एका शनिवारी सकाळी साडेनऊला मी चक्क गोधड्यांच्या प्रदर्शनात उभा होतो. अटलांटापासून तासाभरावरच्या एका गावात तिथल्या क्विल्ट गिल्डचं वार्षिक प्रदर्शन होतं. माझी एक मैत्रीण (आमच्याच प्रोजेक्टवर टेस्टिंगला आहे, मूळची साताऱ्याची) गेली दोन वर्षं क्विल्ट शिवायला शिकतेय. "एकटीने जायचा कंटाळा येतो, चल की, जेवण माझ्याकडून," म्हणाली. ऑनसाइट आलेला इंजिनियर फुकट जेवणाला नाही म्हणत नाही, हे वेगळं सांगायला नको :)

भलामोठा हॉल, काळे पडदे, त्यांच्यापुढे आडव्या दांड्यांवर टांगलेले क्विल्ट. काहींना निळ्या-लाल रिबनी लावलेल्या, म्हणजे बक्षीसपात्र. जागोजागी "कृपया हात लावू नये" च्या पाट्या. आणि हात लावायचाच असेल तर त्यासाठी पांढरे सुती हातमोजे घातलेल्या आज्या फिरत असतात. आपण विनंती केली की त्या हळूच क्विल्टचा कोपरा उचलून मागची बाजू दाखवतात. मैत्रीण प्रत्येक ठिकाणी हेच करत होती. समोरून दहा सेकंद, मागून दोन मिनिटं.

"मागे काय बघतेस एवढं?"

"टाके. आणि लेबल."

ज्यांनी गोधडी पाहिली आहे त्यांना क्विल्ट समजायला वेळ लागत नाही. वर एक थर, खाली अस्तर, मधे ऊब देणारं काहीतरी, आणि तिन्ही एकत्र धरून ठेवणारे टाके. आपल्याकडे मधे जुनी लुगडी, धोतरं घालतात आणि सगळीभर धावदोरा घालत जातात. इथे मधे कापसाचा किंवा लोकरीचा वेगळा थर असतो, आणि वरचा थर कापडाचे तुकडे जोडून नक्षीत बसवलेला. म्हणजे कामं दोन: तुकडे जोडून वरचा थर तयार करणं, आणि मग तिन्ही थर शिवणं. ही दोन कामं पुष्कळदा दोन वेगळी माणसं करतात. आणि मागच्या कोपऱ्यात एक छोटी कापडी पट्टी असते, तिच्यावर हे सगळं लिहिलेलं असतं. तुकडे कोणी जोडले, शिवलं कोणी, गाव कुठलं, साल काय, कोणासाठी. थोडक्यात, कमिट हिस्ट्री! शिवणकामातही कोणी ती ठेवत असेल असं वाटलं नव्हतं.

"आपल्या गोधडीवर असतं का रे असं काही?" तिने विचारलं.

नसतं. मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या घरात एक गोधडी आहे, ती आजीने शिवली की आजीच्या सासूबाईंनी, यावर आई आणि मावशी यांचं अजून एकमत झालेलं नाही. असो. पण मग इथे ही पट्टी कुठून आली, आणि हातमोजेवाल्या आज्या तिच्याबद्दल एवढ्या आग्रही का, हा किडा डोक्यात शिरला. पुढचा आठवडाभर संध्याकाळी जे वाचलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

नाव लिहिण्याची पद्धत तशी जुनी आहे. १८४० च्या सुमारास अमेरिकेत "मैत्री क्विल्ट"ची लाट आली होती. कुटुंबं पश्चिमेकडे निघायची, पुन्हा भेट होईल याची खात्री नसायची. मग शेजारणी, बहिणी, चर्चमधल्या मैत्रिणी एकेक चौकोन शिवून त्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने सही करायच्या आणि सगळे चौकोन जोडून निघणाऱ्या बाईला द्यायच्या. पण ही झाली आठवणीची वस्तू. रोज अंगावर घ्यायच्या गोधडीवर सही कोण करणार? पोळी लाटली म्हणून कोणी पोळीवर सही करतं का!

आता जिथे आम्ही उभे होतो त्याच जॉर्जिया राज्यातली गोष्ट.

हॅरिएट पॉवर्स. जन्म १८३७, अथेन्स गावाजवळ, गुलामीत. यादवी युद्धानंतर गुलामी संपली, पॉवर्स कुटुंबाने थोडीफार शेतीही केली. १८८६ साली अथेन्सच्या कापूस जत्रेत तिने एक क्विल्ट मांडला. त्यात अकरा चौकटी, आणि प्रत्येकीत कापडावर कापड शिवून केलेली बायबलमधली चित्रं. जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने तो पाहिला आणि थेट किंमत विचारली. पॉवर्सने विकायचा नाही म्हणून सांगितलं. चारेक वर्षांनी दिवस फिरले, पैशांची नड लागली, तेव्हा ती स्वतःच बैलगाडीतून तो क्विल्ट घेऊन आली. दहा डॉलर मागितले, हाती पाच आले. नवरा म्हणाला, दिवस कठीण आहेत, घे. तिने घेतले. नंतर ती बरेचदा स्मिथबाईंच्या घरी यायची, तो क्विल्ट नुसता बघायला. दत्तक दिलेल्या लेकराला बघायला यावं तशी.

एक गोष्ट मात्र स्मिथबाईंनी चांगली केली. प्रत्येक चौकटीत काय आहे हे पॉवर्सला विचारून त्यांनी लिहून ठेवलं. त्यामुळे क्विल्टबरोबर नावही टिकलं. पॉवर्सचा दुसरा क्विल्ट १८९८ मधे अटलांटा विद्यापीठाशी संबंधित एका पाद्रीसाहेबांना भेट दिला गेला. त्यात पंधरा चौकटी आहेत, आणि बायबलच्या जोडीने तिने त्यात खऱ्या घटना घातल्या आहेत. १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र, जेव्हा सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडला आणि लोकांना वाटलं जग बुडालं. किंवा १९ मे १७८०, जेव्हा भर दिवसा अंधार झाला. दोन्ही घटना तिच्या जन्माच्या आधीच्या. म्हणजे ऐकून ऐकून पिढ्यान्‌पिढ्या पोचलेली बातमी तिने कापडात उतरवली. या चौकटी बघताना मला तर ते वर्तमानपत्रच वाटलं.

आज पहिला क्विल्ट वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुसरा बोस्टनच्या कलासंग्रहालयात. तिचे एवढे दोनच शिल्लक आहेत असं मानतात. गंमत (खरं तर गंमत नाही) म्हणजे बरीच वर्षं पॉवर्सबद्दल लिहिताना "निरक्षर" हा शब्द ठरलेला असायचा. मग कायरा हिक्स या अभ्यासिकेने २००९ मधल्या आपल्या पुस्तकात पॉवर्सचं १८९६ चं एक पत्र पुढे आणलं. त्यातून कळलं की तिला वाचता येत होतं, आणि तिने निदान चार क्विल्ट केले होते. तिच्या मृत्यूचं सालसुद्धा १९११ असं छापलं जात होतं. २००५ मधे अथेन्सच्या स्मशानभूमीत तिच्या थडग्याचा दगड सापडला आणि ते १९१० असं दुरुस्त झालं. जिचं नाव सुदैवाने टिकलं, तिच्या बाबतीत ही कथा. जिचं टिकलंच नाही, तिचं काय?

आणि नाव असलं तरी ते खरंच असेल याची खात्री काय? याचं उत्तर १९३३ साली मिळालं.

महामंदीचा काळ. शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यानिमित्ताने सीअर्स या दुकानदार कंपनीने देशभराची क्विल्ट स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस हजार डॉलर. लोकांची नोकरी गेलेली, घर गहाण पडलेलं, अशा दिवसांत हजार डॉलर! चोवीस हजारांवर क्विल्ट आले. जिंकली केंटकी राज्यातली मार्गारेट केडन. तिचा क्विल्ट थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आला.

फक्त एक अडचण होती. केडनबाईंनी त्यात एकही टाका घातला नव्हता.

त्यांचं दुकान होतं, आणि हाताखाली मजुरीवर शिवणाऱ्या बायका. क्विल्ट त्यांनी केला. बक्षिसातलं त्यांना काही मिळालं नाही. त्यांनी तोंडही उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर होतं ते कामही गेलं असतं. मेरीके वॉल्डवोगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोन अभ्यासिकांनी पुढे कित्येक दशकांनी स्पर्धेचा इतिहास खणला, तेव्हा हे सगळं बाहेर आलं. (टीमने रात्री जागून रिलीज करायचं आणि स्लाइडवर एकाच साहेबाचं नाव, हा प्रकार आमच्या धंद्याने शोधलेला नाही एवढं तरी कळलं!)

प्रदर्शनातल्या पट्टीवर "तुकडे जोडले अमुकने, शिवलं तमुकने" अशी दोन नावं का असतात, हे मला इथे समजलं. हल्ली वरचा थर घरी जोडून शिवणकाम मोठ्या मशीनवाल्या बाईकडून पैसे देऊन करून घेण्याची पद्धत आहे. त्यात काही गैर नाही. पण तिचं नाव लिहायचं. बक्षीस मिळालं तर दोघींचं म्हणून जाहीर करायचं.

आता पुढचा टप्पा. १९७१ चा जुलै. न्यूयॉर्कचं व्हिटनी संग्रहालय, म्हणजे आधुनिक अमेरिकन कलेचं मोठं देऊळ. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या जोडप्याने जमवलेले साठेक क्विल्ट तिथल्या पांढऱ्या भिंतींवर एखाद्या पेंटिंगसारखे टांगले गेले. लोक थक्क झाले. जे रंग आणि आकार आधुनिक चित्रकारांनी विसाव्या शतकात शोधले म्हणून टाळ्या घेतल्या, ते खेड्यातल्या बायका शंभर वर्षं आधीपासून करत होत्या. क्विल्टला "कला" म्हणायची सुरुवात बऱ्याच अंशी या प्रदर्शनापासून झाली, हे मान्यच केलं पाहिजे.

पण भिंतीवर नावं जवळपास नव्हती. १९७३ मधे पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीने एक खणखणीत लेख लिहून नेमकं यावर बोट ठेवलं. तिचा मुद्दा साधारण असा: क्विल्टची तुलना तुम्ही पुरुष चित्रकारांशी करता, आणि त्या चित्रकारांसारखे दिसतात म्हणूनच ते तुम्हाला थोर वाटतात. ज्या बायकांनी ते केले त्यांना मात्र तुम्ही अनामिक करून टाकता. त्यातल्या कित्येकींनी तर सह्याही केल्या होत्या. मला यात दोन्ही बाजू पटतात. होल्स्टीननी ते भिंतीवर लावले नसते तर चर्चाच झाली नसती. पण भिंतीवर लावताना पाठ भिंतीकडे जाते, आणि काही लिहिलेलं असेल तर तेही!

तेच व्हिटनी, एकतीस वर्षांनी. नोव्हेंबर २००२. या वेळी क्विल्ट होते अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतले, आणि प्रत्येकाखाली नाव होतं.

जीज बेंड म्हणजे अलाबामा नदीच्या वळणात तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला तुकडा. १८४० च्या दशकात मार्क पेटवे नावाच्या मळेवाल्याने तो घेतला आणि शंभरेक गुलामांना नॉर्थ कॅरोलायनाहून तिथपर्यंत पायी चालवत आणलं. गुलामी संपली, माणसं तिथेच राहिली, आणि मालकाचं आडनावही राहिलं. आजही तिथल्या बऱ्याच क्विल्ट कलावंतिणींची आडनावं पेटवे आहेत. म्हणजे नाव मिळालं तरी त्यातलं अर्धं दुसऱ्याचं. १९६२ मधे लोक मतदार नोंदणीसाठी पलीकडच्या गावी जायला लागले तेव्हा नदीवरची फेरीबोट बंद पडली. ती परत सुरू झाली २००६ मधे. चव्वेचाळीस वर्षं! तोपर्यंत नदीला वळसा घालून तासभर रस्त्याने जायचं.

या वस्तीतल्या बायकांनी पेरणी-कापणीतून वेळ काढून फाटक्या कपड्यांचे क्विल्ट केले, कारण घराच्या फटींतून वारा यायचा. त्यातला मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला मिसूरी पेटवे हिचा, १९४२ चा. नवरा गेल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवले आणि त्यांचा क्विल्ट केला, त्याची आठवण म्हणून, आणि पांघरून ऊब मिळावी म्हणून. निळसर करड्या डेनिमचे विटके पट्टे, गुडघ्यापाशी जास्त झिजलेले. यात नक्षी ठरवायला फारसं काही नव्हतंच, जे कापड होतं ते होतं. तरी तो बघून कळतं की हिने विचार करून मांडलंय.

२००६ मधे अमेरिकेच्या टपाल खात्याने जीज बेंडच्या क्विल्टची दहा तिकिटं काढली. आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या काही जणी कोर्टात गेल्या. क्विल्टवरून छापलेल्या वस्तू विकल्या जातायत, पैसा होतोय, आमचा वाटा कुठे, हा प्रश्न होता. २००८ मधे तडजोड होऊन दावे मिटले. वाचताना पहिल्यांदा वाईट वाटलं, एवढ्या छान गोष्टीचा शेवट कोर्टात का? मग वाटलं, का नको? पाच डॉलर घेऊन परत गेलेली हॅरिएट पॉवर्स कोर्टात जाऊ शकत नव्हती. या जाऊ शकल्या, कारण यांच्या कामावर यांचं नाव होतं. नाव असलं की वाटा मागता येतो.

एक क्विल्ट तर असा आहे जो फक्त नावांचाच आहे. १९८५ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोर्चात क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने एड्सने गेलेल्या माणसांची नावं लोकांना पुठ्ठ्यांवर लिहायला लावली आणि ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. लांबून ती भिंत त्याला क्विल्टसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमधे १९२० तुकड्यांचा एड्स क्विल्ट अंथरला गेला. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याच्या मापाचा. ज्या मुलांची नावं काही घरांनी उच्चारायचं सोडलं होतं, ती मित्रांनी सुईदोऱ्याने लिहिली. आज त्यात सुमारे पन्नास हजार तुकडे आणि लाखाहून जास्त नावं आहेत.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपलं काय? तर आपल्या अगदी शेजारी या गोष्टीचं एक टोक आहे. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. पण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात सिद्दींची वेगळी वस्ती आहे. यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि तिथून निसटून घाट चढून गेलेले. आजही त्यांच्यात कोकणी बोलली जाते. तिथल्या बायका जुन्या कपड्यांची "कवंदी" शिवतात. कडेपासून सुरुवात करून गोल गोल मध्यापर्यंत धावदोरा घालत जातात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणांची "फुलं" लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडीनागडी समजतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आफ्रिकन कलेचे अभ्यासक हेन्री ड्रुअल यांनी तिथे राहून या कामाचा अभ्यास केला, आणि त्या बायकांची सहकारी संस्था उभी राहायलाही हातभार लावला. आता कवंदी शिवणारीच्या नावासकट प्रदर्शनात जाते.

घाटाच्या अलीकडे तीच वस्तू वाकळ होते, गोधडी होते, बाळाचं दुपटं होते. आत लुगड्यांचे थर, त्यात कोणाचं तरी लग्नातलं, कोणाचं तरी डोहाळजेवणातलं. आज शहरातल्या बुटीकमधे "हँडमेड गोधडी" भरपूर किमतीला मिळते, ब्रँडचं लेबल ठळक असतं. शिवणारीचं नाव त्यावर असेल तर नशीब. पॉवर्सच्या पाच डॉलरपासून आपण किती पुढे आलो, ते अशा वेळी तपासून बघायला हरकत नाही.

ब्रँडचं आपल्या हातात फारसं नाही, पण घरच्या गोधडीचं आहे. मैत्रिणीने शिकवलेली कृती देतो, अगदी सोपी आहे. वीतभर पांढरं सुती कापड घ्या. कापडावर न पुसली जाणारी शाई मिळते, त्या पेनाने लिहा, किंवा दोऱ्याने भरा. कडा आत दुमडून पट्टी मागच्या कोपऱ्यात शिवा, टाका फक्त अस्तरातून घ्या, आरपार नको. गाव लिहा, अंदाजे साल लिहा, आत कोणाकोणाची लुगडी आहेत ते ठाऊक असेल तर तेही लिहा. आणि हे शक्य तितक्या लवकर विचारून घ्या, सांगणारी माणसं आहेत तोवर.

नाव लिहिताना मात्र "आजी" एवढंच लिहून थांबू नका. तुमच्या मुलांसाठी आजी ही दुसरीच कोणी असेल. पूर्ण नाव लिहा. सासरचं लिहा, आणि जमलं तर माहेरचंही. सुई धरायला बहुतेक ती तिथेच शिकली असेल.